माझी पहिली ओळ वाचा

हो, मीच तो सर्व्हर. निकालाच्या दिवशी ज्याच्या नावानं तुम्ही बोटं मोडता, तोच बोलतोय. लोखंडी पेटी म्हणजे मी नव्हे हं. मी तिच्यात राहणारा प्रोग्राम. माझा जन्म परीक्षा मंडळाच्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या टेबलावर झाला.

मला घडवलं तिथल्या सगळ्यांत तरुण इंजिनिअर मुलीनं. सगळे तिला ‘ठिणगी’ म्हणत. नवं मशीन आलं, तेव्हा तिनं माझा मूळ कोड आणला आणि स्वतः कंपाइल करायला, म्हणजे मशीनला कळेल अशा रूपात आणायला, घेतला. माझा बहुतेक देह जावा या संगणकभाषेतला. तो कुठल्याही मशीनवर सुखानं नांदतो. पण जड ओझी उचलणारे माझे हात, म्हणजे नेटिव्ह लायब्रऱ्या, सी भाषेतले. ते ज्या मशीनवर राबणार, त्याच्याच मापानं घडवावे लागतात.

शेजारच्या टेबलावर काका. बारा वर्षं जुना सर्व्हर सांभाळून ते सगळ्या कचेरीचेच काका झाले होते.

“अगं, तयार मिळतंय ना? मग हा उपद्व्याप कशाला?”

“तुमचं तयार गेल्या वर्षी दहा मिनिटांत आडवं झालं, काका.”

साहेबांनी दोघांना गप्प केलं. “सोमवारी अकराला निकाल. सर्व्हर टिकला तर पुढचं सगळं तुझ्याकडे. पडला, तर तू परत फॉर्म तपासायला.”

शनिवारी माझा जावाचा देह झाला, पण हात अडले. काहीतरी सापडत नव्हतं. ठिणगी पाय आपटत चहाला गेली. काकांना दया आली. त्यांनी जुन्या मशीनवरची लायब्ररी उचलून मला चिकटवली आणि मला सुरू केलं.

ती परतताच ते म्हणाले, “झालं बघ तुझं काम! चालतोय!”

चालत होतो, पण बिनहातांचा. सुरू होताना मी पडद्यावर माझ्या कामाची नोंद लिहितो. तिच्या पहिल्याच ओळीत लिहिलं होतं: नेटिव्ह लायब्ररी चढली नाही. पुढे आणखी तीनशे ओळी लिहिल्या, तेवढं मात्र चुकलं. कुणी वर पाहिलंच नाही.

सोमवारी नऊला तिनं चाचणीसाठी माझ्यावर खोटी गर्दी सोडली. मला धाप लागली.

“नवीन आहे, रुळेल,” काका म्हणाले.

ठिणगीनं ओळी वर सरकवल्या. पहिली वाचली आणि भडकली. “काका, ही लायब्ररी कुठली?”

“जुनीच. बारा वर्षं कुरकुर नाही!”

“त्या मशीनवर! याचा प्रोसेसरच वेगळा आहे!”

काका पार ओशाळले. मग हळूच म्हणाले, “शनिवारी काय सापडत नव्हतं?”

“हेडर फाइली. त्यांच्याशिवाय सीचा कोड कंपाइलच होत नाही.”

“अगं, त्या वेगळ्या पॅकेजात येतात. मीही एकदा दोन दिवस डोकं आपटलंय.”

“मग शनिवारी का नाही सांगितलंत?”

“तू विचारलंस कुठे?”

ठिणगीनं ते पॅकेज बसवलं आणि माझे हात नव्यानं घडवायला घेतले. साडेदहाला मला माझे स्वतःचे हात मिळाले. अकराला अख्खी झुंबड अंगावर आली, आणि मी एकालाही दारातून परत पाठवलं नाही.

आता मी ठिणगीचा. काका मात्र रोज सकाळी चष्मा कपाळावर चढवून माझी पहिली ओळ मोठ्यानं वाचतात. “चढली गं, चढली!”

तुम्हीही वाचत जा. मी खोटं बोलत नाही हो, फक्त फार बोलतो.