निर्दोष विहीर

"दाखवा, कुठंय लोखंड?" बाबांनी पाण्याचा पेला खिडकीतल्या उजेडात धरला. "आरपार दिसतंय!"

फिल्टर विकायला आलेला माणूस टाय सावरत म्हणाला, "साहेब, आत्ताच पंपातून काढलंय ना. लोखंड विरघळलेलं असतं, म्हणून दिसत नाही. हवा लागली की रंग चढेल. थोडं थांबू."

मग आम्ही चौघं त्या पेल्याकडे टक लावून बसलो. पाण्यावर पिवळसर झाक यायला लागली आहे असं मला वाटलं, तेवढ्यात बाबांनी पेला उचलला आणि घटाघटा पिऊन टाकला.

"तहान लागली होती," ते म्हणाले.

"पुरावाच प्यायलात की हो," आई म्हणाली.

"सिस्टर, तुम्ही मध्ये बोलू नका."

टायवाल्याने आईकडे वळून अदबीने विचारलं, "आपण साहेबांच्या भगिनी का?"

मी हसू दाबत स्वयंपाकघरात पळाले. आई इस्पितळात नर्स. सगळी वस्ती तिला सिस्टर म्हणते, आणि चिडले की बाबाही म्हणतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, दोन मुलं झाली, पण यात काही चुकतंय असं त्यांना आजवर वाटलेलं नाही.

बाबांचा जन्म वीजबिलाच्या खिडकीमागे गेला. लोक पैसे सरकवत, बाबा शिक्का मारत. त्यांचं मत कुणी विचारलं नाही, घरीही फारसं नाहीच. त्यांनी स्वतःच्या डोक्याने केलेली एकमेव गोष्ट म्हणजे मागच्या अंगणातली विहीर. तिथे पाणी लागणार नाही असं सगळे सांगत होते. मामा तर खड्ड्यात डोकावून म्हणाला होता, "भावजी, तळघर छान होईल." आणि पाणी लागलं. त्या दिवसापासून बाबा ताठ मानेने चालू लागले. पाहुणा आला की चप्पल काढायच्या आधी त्याला विहीर दाखवली जायची.

पाणी भरपूर होतं, वाईट एवढंच की ते तांबडं व्हायचं. बादल्यांना तांबडी कडी पडली, नळाखालच्या फरशीवर गंजाची जीभ उमटली, आणि आईचे पांढरे युनिफॉर्म दोन धुण्यांत पिवळे पडायचे. एका रुग्णाने तिला 'पिवळी सिस्टर' म्हटलं आणि ते नाव सगळ्या वॉर्डात झालं. मेट्रन तिला बाजूला घेऊन साबण कुठला वापरता म्हणून विचारायची. आई साबणाला दोष द्यायची. बिचाऱ्या साबणाने आमच्या विहिरीसाठी फार ऐकून घेतलं.

पण या महिन्याच्या सुरुवातीला आईने जेवता जेवता भात कालवायचा थांबवून सांगितलं, "महिनाअखेर मी रिटायर होतेय. शेवटच्या दिवशी मला पांढरंशुभ्र घालून जायचंय. आयुष्यात एकदा तरी."

बाबांनी दुसऱ्या दिवशी टायवाल्याला बोलावलं ते असं.

टायवाल्याकडे तीन फिल्टर होते. धाकटा नळाला लावायचा, मुठीएवढा. मधला कमरेएवढा, हाताने फिरवायच्या व्हॉल्व्हचा. थोरला माझ्याहून उंच, डोक्यावर दिवे लुकलुकणारा. बाबांनी चित्रं निरखून पाहिली. फिल्टर जेवढा मोठा तेवढा विहिरीचा गुन्हा मोठा, असा त्यांचा हिशोब असावा.

"हा धाकटा चालेल," ते म्हणाले. "जरा कपाटामागे बसेल ना?"

"साहेब, आधी पाणी तपासू. लोखंड किती, ते कळल्याशिवाय मी कुठलाच देणार नाही." त्याने एक रिकामी बाटली टेबलावर ठेवली. "नमुना भरून ठेवा. उद्या नेतो."

"मी भरते," आई म्हणाली. "माझं रोजचंच काम आहे."

रिपोर्ट आला. लोखंड: नगण्य.

बाबांनी तो मोठ्याने वाचला, मग उभं राहून वाचला. फाशीची शिक्षा टळल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. दूधवाल्याला दाखवला, शेजाऱ्यांना दाखवला, मामाला फोनवर स्वल्पविरामांसकट ऐकवला. "निर्दोष सुटली!" म्हणाले. संध्याकाळी विहिरीच्या काठावर एकटेच बराच वेळ बसले.

आई पिवळा युनिफॉर्म घालून कामाला गेली. मला तिचा भयंकर राग आला. या बाईला स्वतःसाठी भांडता कसं येत नाही?

टायवाला मात्र गोंधळून पुन्हा आला. त्याने पाण्याच्या टाकीचं झाकण उचलून आत हात घातला. बाहेर आला तो विटेच्या रंगाचा चिखल माखलेला हात.

"मग हे काय आहे साहेब? नमुना नक्की कुठून भरला होता?"

आई भांडी पुसत होती. पुसतच राहिली. मग म्हणाली, "रात्रभर पातेल्यात ठेवलं होतं. सकाळी गाळ तळाशी बसल्यावर अलगद वरचं पाणी काढलं. मग चौपदरी फडक्यातून गाळलं. दोनदा."

"सिस्टर!" टायवाल्याच्या तोंडून बाबांचाच शब्द निघाला. "आत्ता ओळखलं तुम्हाला! माझ्या वडिलांनी लघवीची बाटली नीट भरली नाही म्हणून इस्पितळात तुम्ही त्यांना तीनदा परत पाठवलं होतं. सगळा वॉर्ड ऐकत होता. आणि तुम्हीच?"

"तिथे रोग शोधायचा असतो," आई म्हणाली.

"आणि इथे?"

"इथे ह्यांची विहीर आहे." तिने फडकं झटकलं. "कागदावर वाईट लिहून आलं असतं तर ह्यांना सोसलं नसतं."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. काच स्वच्छच होती. मग त्यांनी टायवाल्याकडून नवी बाटली मागून घेतली, पंपापाशी गेले आणि स्वतःच्या हाताने काठोकाठ भरून आणली.

"थोरला द्या," ते म्हणाले. "सगळ्यात मोठा."

"साहेब, तो तुमच्या पंपाला झेपणार नाही. आतली वाळू साफ करायला उलटं पाणी जोरात सोडावं लागतं, तेवढी धार तुमच्याकडे नाही. मधला पुरतो."

"मधल्यातला मोठा द्या."

"मधल्यात मोठा नसतो, साहेब."

"मग दिवे तरी लावून द्या त्याला," बाबा म्हणाले. आता गुन्हा कबूलच केला आहे तर तो चारचौघांत दिसायला हवा, असं त्यांनी ठरवलं असावं.

दुसरा रिपोर्ट यायला वेळ गेला, फिल्टर यायला आणखी. आईच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या दुपारी तो बसला. बाबा बादली घेऊन तयारच होते. नळातून काळपट पाणी आलं.

"नवी वाळू आहे," टायवाला म्हणाला. "दोन-तीन दिवस धुऊन निघू द्या. कपडे आत्ताच नका धुऊ."

आई "असू दे" म्हणाली आणि आत गेली. तिचं 'असू दे' मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्या दिवशी मात्र बाबांनाही ते ऐकू आलं.

थोड्या वेळाने ते तिचा युनिफॉर्म काखोटीला मारून निघाले. मी मागोमाग गेले. कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीची पायरी आमच्या घरातलं कुणीच कधी चढलं नव्हतं. विहीर असलेल्या घराचे कपडे बाहेर धुवायला जाणं म्हणजे विहिरीची बेअब्रू होती. दुकानात गर्दी होती. शेजारी होते, दूधवालाही होता. लॉन्ड्रीवाल्याने युनिफॉर्म उलटापालटा करून विचारलं, "हे कसले डाग हो?"

बाबांनी घसा खाकरला. बिलाच्या खिडकीतून पुढच्या माणसाला हाक मारायचे त्या आवाजात म्हणाले, "लोखंडाचे. आमच्या विहिरीच्या पाण्यात लोखंड आहे. पहिल्यापासून आहे. पांढराशुभ्र करून द्या, आजच पाहिजे."

दूधवाला त्यांच्याकडे बघतच राहिला. मला रडू आलं, ते मी खोकल्यावर घातलं.

सकाळी आई निघाली तेव्हा बाबा मागच्या अंगणात फिल्टरची वाळू धुवायला व्हॉल्व्ह फिरवत होते. पाईपातून तांबडं पाणी फसफसत गटारात चाललं होतं. कोपरापर्यंत हात त्याच रंगाचे झाले होते. फाटकाची वाट तिथूनच जाते. आई दारात आली. इतकी पांढरी आई मी पाहिली नव्हती. तीही जरा अवघडलीच होती, चहासुद्धा उभ्यानेच प्यायली होती.

बाबा तिला बघून उठले. दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि भिंतीला टेकून तिला वाट करून दिली.

"हात धुवून घ्या," आई म्हणाली. "आणि नाश्ता झाकून ठेवलाय."

"हो. तू जा पुढे," बाबा म्हणाले. "थेंब उडेल."