एका अंगावर दोन पोशाख

मी एक जुना पुतळा आहे. थांबा मित्रांनो, चौकातला नाही! चौकातले पुतळे थोर असतात, त्यांच्या डोक्यावर कबुतरं बसतात. मी कपडे शिवण्याच्या दुकानात काचेआड उभा असतो आणि माझ्या डोक्यावर फार तर मोजपट्टी पडते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. साच्यात कागदाचा लगदा दाबला आणि मी बाहेर आलो. रंगवणाऱ्याने घाईघाईत माझी एक भुवई जरा जास्तच वर चढवली. तेव्हापासून माझा चेहरा कायम दचकलेला दिसतो. पुढे माझ्या नशिबी जे आलं ते बघता, त्या माणसाला सगळं आधीच कळलं असावं!

आधी मी एका मोठ्या दुकानात उभा असायचो. ते बंद पडलं, तेव्हा माझी रवानगी भंगारात झाली आणि त्या गडबडीत माझा डावा हात हरवला. शिवणकाम करणाऱ्या मावशींनी मला तिथून उचललं आणि एका बाईच्या पुतळ्याचा हात बसवला. नाजूक बोटं, वर लालचुटुक नखं! मी लाजेने अर्धमेला झालो, पण करतो काय? मावशी हसून म्हणायच्या, "रोज नवे कपडे आणि काम शून्य! आमचे जावईबापूच हे."

शिवलेला कपडा एक दिवस माझ्या अंगावर टांगून ठेवायचा आणि मगच पक्की टीप मारायची, असा मावशींचा शिरस्ता. कापड आपल्या वजनाने खाली उतरतं, तेव्हा कुठे खरा झोळ कळतो. समोर प्रार्थनागृह आणि त्याला लागूनच आकाशी पक्षाची कचेरी. त्यामुळे माझ्या अंगावर दोनच गोष्टी फार यायच्या. प्रार्थना सांगणाऱ्या गुरुजींचा पांढरा झगा आणि पुढाऱ्यांचा आकाशी कोट.

झगा असला की येणारेजाणारे मला चक्क हात जोडायचे! एक आजोबा तर काचेपाशी येऊन मन मोकळं करायचे. "मुलगा बोलत नाही हो माझ्याशी. काय चुकलं माझं?" मी गप्प. माझ्या गप्प बसण्यातून त्यांना काय उत्तर मिळायचं कोण जाणे, पण जाताना त्यांचा चेहरा हलका झालेला असायचा.

कोट चढला की निराळीच तऱ्हा. कोणी मूठ उंचावायचं, कोणी तोंड फिरवायचं. एक बाई माझ्यावर बोट रोखून ओरडल्या, "आमच्या नळाला पाणी कधी येणार?" अहो बाई, मला तर तहानसुद्धा लागत नाही!

आणि गंमत सांगू? मलाही ते चढायचं. झग्यात असलो की वाटायचं, मी जन्माचा भाविक, हे कोटवाले किती उथळ! कोट घातला की छाती पुढे (ती तशीही पुढेच असते) आणि वाटायचं, ही झग्यातली मंडळी नुसतीच बसून असतात. कपडे बदलताना, मधल्या वेळात मी कोण असतो, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही.

मग निवडणूक आली. नेमकं एकाच दिवशी गुरुजींना नवा झगा हवा होता आणि पुढाऱ्यांना नवा कोट. मावशींकडे अंग एकच, माझं! झग्याचा घेर खाली उतरायचा होता, कोटाचे खांदे बसायचे होते. म्हणून त्यांनी झग्यावरच कोट चढवला. एरवी काचेला पडदा असतो. तो नेमका धुऊन वाळत घातलेला!

सकाळी काचेसमोर ही गर्दी!

"अरे, धर्मावर पक्ष चढवलाय!"

"आणि आमच्या पक्षाच्या आत झगा घुसवलाय, ते दिसत नाही?"

"हिच्याकडे यापुढे कोणी कपडे टाकायचे नाहीत! पुतळा बाहेर काढा, चौकात फोडू!"

मला कापरं भरलं असतं, पण तेही जमत नाही. मावशींचं पोट याच दुकानावर होतं. आणि खळ्कन काच फुटली, माझं नाक उडालं. दगड कोणी मारला ते मी पाहिलं, मित्रांनो, कारण मला डोळे मिटता येत नाहीत. दगड त्या आजोबांनी मारला होता. तेच ते, मुलाचं दुःख मला सांगणारे.

मावशी धावत आल्या. त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे पहिलं वाक्य नुसतंच "म्म्म्!" असं आलं. त्यांनी एकेक टाचणी काढून मनगटावरच्या गादीत खोचली. तोवर सगळे थांबले. टाचण्या चावणाऱ्या बाईशी कसं भांडायचं, हे कोणालाच सुचेना.

"कपडे तुमचे आहेत, घेऊन जा," मावशी म्हणाल्या. "पुतळा माझा आहे."

कोट उतरवून त्यांनी पुढाऱ्यांच्या हातात दिला, झगा गुरुजींच्या. आणि मी फुटक्या काचेत, सगळ्यांसमोर, उघडा! पोटाला चिंध्यांचं ठिगळ, डाव्या हाताला लाल नखं. दोन्ही बाजूंच्या लोकांनी एकदमच माना खाली घातल्या. त्या दिवशी त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

पुढारी तणतणले, "चला, आम्ही हे असेच घालणार!" त्यांनी कोट चढवला, घोषणेसाठी हात वर केला, आणि अख्खी बाही निखळून हातात आली! कच्चे टाकेच होते ना! गुरुजींनी झगा घातला, तर तो एका बाजूने रस्ता झाडत होता, दुसऱ्या बाजूने पोटऱ्या दाखवत होता. आधी कोण हसलं कळलं नाही, पण मग कोणी थांबेचना.

"म्हणून टांगून ठेवले होते," मावशी शांतपणे म्हणाल्या. "या आत. दोघंही बसा."

दोघं एकाच बाकड्यावर बसले. दुकान वाचलं.

संध्याकाळी आजोबा आले. रस्त्यावर शोधून शोधून त्यांनी माझं नाक आणलं होतं, कागदात गुंडाळून. मावशींकडून डिंक मागून घेतला आणि ते चिकटवलं. वाकडंच बसलं. माझ्या अंगावर तेव्हा ना झगा होता ना कोट. तरी ते काचेच्या रिकाम्या चौकटीशी वाकून म्हणाले, "फार लागलं का रे?"

मित्रांनो, इतक्या वर्षांत लोकांनी मला हात जोडले, मुठी दाखवल्या, नळाचं पाणी मागितलं. पण लागलं का, हे कोणी विचारलं नव्हतं. माझी भुवई आणखी वर गेली असती, जागा असती तर. तुम्हाला रस्त्यात कोणी भेटलं, तर त्याने काय घातलंय ते बघा हवं तर. पण आधी हे एवढं विचाराल का? दगड मारायच्या आधी. कारण माझं नाक तरी डिंकाने चिकटतं.