उलट्या आट्यांचं टूल

माघातली दुपार. पत्र्याच्या छपराला पडलेल्या भोकांतून सुवर्णकण गळत होते, आणि कृष्णवर्ण, तैलस्निग्ध, घनगंभीर लेथवरून ऊन सावकाश सरकत होतं. दाराशी बैलगाडी उभी होती. बैलांच्या अंगाला उसाच्या पाल्याचा वास येत होता.

कोल्हापूरच्या या एवढ्याशा कारखान्यात एक रीत होती. आटे कुणीही पाडावेत. ते कापणारं टूल मात्र केरबा मिस्त्रींनीच ग्राइंडरवर घासावं. साठ अंशांचं टोक, ना कमी ना जास्त, तेही कोन मोजायची पट्टी न लावता, नुसत्या नजरेनं. ज्या दिवशी हात चुकेल त्या दिवशी ग्राइंडर सोडीन, असं ते म्हणायचे. चहा मागावा इतक्या सहज म्हणायचे, म्हणून कुणी मनावर घेत नसे. नऊ वर्षं लेथ चालवणारी त्यांची लेक आनंदी तेवढी घ्यायची. तो दिवस येऊ नये, असं तिला फार वाटायचं.

आज उसाच्या चरकाचा शाफ्ट आला होता. गुऱ्हाळ बंद, तोडलेला ऊस वाळत पडलेला, आणि गुऱ्हाळवाले भूपाल मगदूम बाकड्यावर हवालदिल. शाफ्टच्या टोकाला उलटे आटे हवे होते, डावीकडे फिरवल्यावर आवळणारे. नाहीतर चरक फिरता फिरता नट सुटून पडतो. शाफ्ट एकच. तो बिघडला तर उसाची चिपाडं होणार, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

केरबा ग्राइंडरच्या दगडापुढे उभे राहिले. ठिणग्या उसळल्या, केशरी, तांबूस, विझत्या. पोलाद तापे, पाण्यात बुडे, पुन्हा तापे. टोक झालं, आणि देखणं झालं.

आनंदीनं टूल लेथवर बसवलं, रेघ दिसावी म्हणून शाफ्टला खडू फासला. पहिला फेरा नुसत्या रेघेचा. दुसरा किंचित खोल. तिसऱ्याला लेथ कुरकुरला, आणि रेघेच्या उजव्या काठावर चकाकी आली. टूल कापत नव्हतं, घासत होतं. तिनं लेथ थांबवला.

बोलावं तर बापाचा ग्राइंडर सुटतो. न बोलावं तर मगदूमांचा शाफ्ट.

"आबा, टूल घासतंय."

केरबांनी टूल काढलं, अंगठ्यानं चाचपलं. टूल घासू नये म्हणून धारेखाली ठेवतात ती मोकळीक डाव्या अंगाला दिलेली होती. सरळ आट्यांना ती तिथंच लागते. उलट्या आट्यांत टूल उजवीकडे चालतं. म्हणून मोकळीक उजव्या अंगाला हवी. चाळीस वर्षं जे केलं, तेच हातानं आजही केलं होतं.

"मिस्त्री, शाफ्ट गेला काय?" मगदूमांनी विचारलं.

"न्हाई. वरवरच हाय, निघंल. माझं मात्र झालं."

"सवयीनं झालं, आबा. परत घासा की. कुणाला कळतंय?"

"मला कळलं न्हवं?" ते म्हणाले. "तू घास."

"मला कुठं येतंय?"

"खोटं नको बोलूस. जेवणाच्या सुट्टीत चोरून घासलेले तुकडे तुझ्या खणात हाईत. मी पट्टी लावून बघितली. साठ अंश भरले."

आनंदी बघतच राहिली. चाळीस वर्षांत पट्टीला हात न लावलेल्या माणसानं ती लेकीसाठी लावली होती. तिला रडू आलं. तिनं ते येऊ दिलं.

केरबांनी डोळ्यांवरचा, ठिणग्या अडवणारा जाड चष्मा उतरवला. सदऱ्याच्या टोकानं काच पुसली. मागचा पट्टा त्यांच्या डोक्यावर ताणून ताणून सैल झालेला. त्यांनी त्याला एक गाठ मारली. पुरेना. दुसरी मारली, आणि चष्मा लेकीच्या डोळ्यांवर चढवला.

दगड फिरू लागला. ठिणग्या उसळल्या, केशरी, तांबूस, विझत्या. आणि केरबा मिस्त्री, आयुष्यात पहिल्यांदा, बाकड्यावर मगदूमांशेजारी बसून बघत राहिले.