पावसाळ्याचं सरपण

"मंग जायचं कुठं?" मैनाबाईंनी विचारलं.

"कुठंच नाही, आई. तळ्याला राउंड मारून परत इथंच यायचं," श्रद्धा म्हणाली.

मैनाबाईंना मोठी मौज वाटली. सुट्टीच्या दिवशी पहाटे उठायचं, पेट्रोल जाळत खराडीहून पाषाण गाठायचं आणि निघालो तिथंच परत यायचं. शिकलेल्या माणसांचे उद्योग एकेक. पण सुनेने ऑफिसच्या मंडळींत त्यांना पहिल्यांदाच आणलं होतं. आपल्यामुळे तिची मान खाली जाऊ नये, एवढीच त्यांना धास्ती होती.

मे सरत आला होता. तळं आटून आत गेलेलं, झाडांखाली वाळक्या काटक्यांचा सडा. मंडळी अप्रेझलचं बोलत पुढे चालली होती. मैनाबाई मागे रमतगमत सगळं बघत होत्या. वाटेत एकजण भलामोठा कॅमेरा रोखून बसला होता.

"काय दिसतंय वो त्यातून?" त्यांनी विचारलंच.

त्याने बिचाऱ्याने दाखवलं. खंड्या होता.

"ह्यो तर आमच्या हिरीवर असायचा," त्या खुशीत म्हणाल्या. ती विहीर आता आयटी पार्कच्या पार्किंगखाली होती.

फेरा संपला आणि फाटकावरच्या रखवालदाराने हात आडवा केला. "मावशी, लाकूडफाटा बाहेर न्यायला बंदी हाय."

मैनाबाईंनी काखेत पाहिलं. चांगली मोळी झाली होती, वेलीने आवळून बांधलेलीसुद्धा. कधी वेचली, कधी बांधली, त्यांनाच आठवेना. पावसाच्या आधी सरपण भरायचं, झाडीतून रिकाम्या हाताने परतायचं नाही. हात जन्मभर तेवढंच शिकले होते. घरी चौथ्या मजल्यावर गॅस होता.

मंडळी थांबून बघत होती. कुणीतरी हसलं. श्रद्धाकडे बघायचा त्यांना धीर होईना.

"चुकलं, बाबा. तुमालाच ऱ्हाऊ दे, च्या कराया."

"आमच्याकडंबी गॅसच हाय, मावशी."

त्यांनी मोळी चौकीच्या पत्र्याखाली, भिजणार नाही अशी नीट टेकवून ठेवली. मग हातांचं काय करावं ते कळेना. फार ओशाळल्यासारखं झालं.

श्रद्धा मागे आली. खांद्यावरची सॅक उतरवून तिने सासूच्या हातात दिली.

"आई, धरता का जरा? मला जड होतीये."

सॅकमध्ये एक टोपी आणि रिकामी बाटली होती. मैनाबाईंनी ती काखोटीला मारली आणि गाडीपर्यंत सगळ्यांच्या पुढे चालत गेल्या.