टाळूला

बाईंनी लाल पेनाचं टोपण काढलं आणि हत्तीला शून्य दिलं.

लॅपटॉपच्या पडद्यावर तो अजून पेपर वाचत बसला होता. ‘हत्ती वर्तमानपत्र वाचतो’ हे वाक्य बरोबर म्हटल्याबद्दल बाईंवर सोनेरी नाण्यांचा वर्षाव झाला होता, आणि आता ते ॲप लाडात येऊन विचारत होतं, उद्याही याल ना?

“येते हं, वाट बघ,” बाई पुटपुटल्या.

“कुणाशी भांडतेस?” खिडकीजवळच्या खुर्चीतून आजोबांनी विचारलं.

“हत्तीशी.”

“बरं,” आजोबा म्हणाले. त्यांना ऐकू आलं नव्हतं हे उघड होतं. कानातलं यंत्र त्यांच्या मर्जीने चाले.

यादी जावयाने पाठवली होती. आपली भाषा शिकवणाऱ्या पाच जागा, इंटरनेटवरच्या. नात पहिल्यांदाच सुट्टीला येणार होती. पुढचे दोन दात मोठे म्हणून फोनवर आजोबांनी तिचं नाव खारूताई ठेवलं होतं. तिची आई, म्हणजे बाईंची एकुलती एक लेक, आजारपणात गेली तेव्हा खारूताई रांगत होती. परक्या देशात, बापाच्या भाषेत वाढलेली पोर. आपली भाषा तिला परदेशीच. पण यंदा तिने बापाला बजावलं होतं, आजीशी मी बोलणार, तू मध्ये बोलायचं नाहीस.

‘आई, तुम्ही शिक्षिका,’ जावयाने लिहिलं होतं. ‘तुम्ही निवडाल तिथूनच ती शिकेल. पाचही ऐका. चौथं नीट ऐका.’

चौथ्यासाठी वशिला लागलाय तर, असं म्हणून बाईंनी मुद्दाम पहिल्यापासून सुरुवात केली होती. जन्मभर त्यांनी पहिलीचा वर्ग सांभाळला. पोरं वाचायला उभी राहिली, की बाईंची जीभ मिटल्या तोंडात त्यांच्या आधी योग्य जागी जाऊन बसायची. कुणाची चुकली की त्या रागवत नसत, फक्त “पुन्हा म्हण” म्हणत. बरोबर म्हणणाऱ्याला त्या कधीच पुन्हा म्हणायला लावत नसत. म्हणून वर्गात ‘पुन्हा म्हण’ ऐकलं, की पोर समजून जायचं.

दुसऱ्या जागी माणूसच नव्हता, यंत्राचा आवाज होता. त्याला ळ येत नव्हता. “माझ्याकडे वेल नाही,” तो गंभीरपणे म्हणाला.

“मग लाव एखादी,” बाई म्हणाल्या आणि तीन गुण दिले, तेही सभ्यपणाबद्दल. तिसरी जागा कुणा विद्वान गृहस्थांची होती. विभक्तीचे तक्ते एकाखाली एक. पोर पहिल्या तक्त्यालाच पळून गेलं असतं.

चौथं पान अगदी साधं निघालं. पांढरं, जुनाट. लोकांनी हौसेने आपले आवाज दिले होते. नावं नव्हती, प्रत्येकासाठी एक रंगीत ठिपका. वाक्यासमोर दोन चित्रं: नेहमीच्या गतीसाठी ससा, सावकाश ऐकण्यासाठी कासव. बाईंनी निळ्या ठिपक्यासमोरचा ससा दाबला.

“नमस्कार. तुम्ही कशा आहात?”

बाईंनी पेन खाली ठेवलं. ते घरंगळत टेबलाच्या कडेला गेलं, तरी त्यांनी ते अडवलं नाही.

त्यांनी मग पुढचा ससा दाबला, त्याच्या पुढचा दाबला.

“मी बरी आहे.”

“आज खूप ऊन आहे.”

“दार उघडं आहे.”

मागे खुर्ची करकरली. आजोबा उठले, चपला सरकवत दारापाशी गेले, दार लोटून त्यांनी कडी घातली.

“लावलं गं,” ते म्हणाले. बाईंकडे बघून नव्हे, आतल्या खोलीकडे बघून. आणि येऊन पुन्हा खुर्चीत बसले.

बाईंना मागे वळवेना.

थोड्या वेळाने आजोबांनी विचारलं, “कोण बोललं आत्ता?”

“कॉम्प्युटर.”

आजोबांनी कानातलं यंत्र काढलं. धोतराने चष्मा पुसावा तसं सदऱ्याच्या टोकाने ते पुसत राहिले, मग हळूच परत कानात घातलं आणि खुर्ची थोडी टेबलाकडे ओढून घेतली.

आतली खोली लेकीची होती. लग्नाच्या आधी कितीतरी दुपारी ती दार लावून तिथे एकटीच बोलत बसायची. कुणाशी बोलतेस गं, असं बाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं, की आतून उत्तर यायचं, “कुणाशी नाही, जगाशी!” आणि त्यात नेमका तो ज चुकायचा.

तो ज तिला कधीच साधला नाही. आपल्या भाषेत ज लिहायचा एक आणि म्हणायचे दोन. जग म्हणजे दुनिया, तेव्हा जीभ टाळूला लागते. जग म्हणजे जगत राहा, तेव्हा ती दातांशी येते. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. लेक दुनियेलाही दातांशीच आणायची. शिक्षिकेच्या पोटी जन्मून हे, म्हणून बाईंचा जीव तीळतीळ तुटायचा. येता-जाता, जेवताना, तिच्या लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा त्यांनी तिला टोकलं होतं.

त्यांनी पुढचा ससा दाबला.

“जग मोठं आहे.”

ज दातांशीच होता. आणि वाक्य संपतं न संपतं तोच, लांबून, भांड्यांच्या आवाजातून कुणीतरी करड्या सुरात ओरडलं, “टाळूला!”

त्यावर दाबलेलं हसू. मग काही नाही.

तो करडा सूर कुणाचा हे कळायला बाईंना जरा वेळ लागला. आपलाच आवाज आपल्याला असा पाठीमागून येऊन गाठेल असं कुणाला वाटतं?

त्यांनी कासव दाबलं. आवाज ताणला गेला, खोल गेला, विहिरीतून आल्यासारखा. “ज… ग…” आणि मग इतका लांब श्वास, की पुढचे शब्द त्याला जोडलेलेच राहिले नाहीत, ‘जग’ एकटंच उरलं. बाई पुढे वाकून ऐकत होत्या. वर्षानुवर्षं त्यांनी त्यातली चूक ऐकली होती. शब्द ऐकला नव्हता.

त्यांनी कासव पुन्हा दाबलं. मागे आजोबांनी श्वास रोखून धरल्याचं त्यांना कळत होतं.

संध्याकाळी जावयाचा व्हिडिओ कॉल आला. चौथ्या जागेपुढचा गुणांचा रकाना तोवर कोराच होता, आणि पाचवी जागा त्यांनी उघडलीच नव्हती.

“आई, ऐकलं?” त्याने विचारलं. त्याची भाषा लेकीने शिकवली होती तेवढीच, तिथेच थांबलेली.

“ऐकलं.”

“मी नाही शोधलं. पोरीने शोधलं. मी भांडी घासत होतो. आणि मग… आवाज आला.” तो जरा थांबला. “तिला माहीत नाही, कोण आहे. मी सांगितलं नाही. हे तिला चांगलं की वाईट, मला कळत नाही. तुम्ही ठरवा.”

“बाबा! मध्ये बोलायचं नाही!” त्याच्या काखेखालून दोन मोठे दात वर आले. “आजी, मी वाक्य म्हणते. निळी मावशीचं वाक्य. ऐक हं. जग मोठं आहे टाळूला.”

आणि शेवटी तंतोतंत तसंच दाबून हसली.

बाईंनी टेबलाची कड धरली.

“टाळूला म्हणजे काय?” खारूताई विचारत होती. “बाबाने पुस्तकात बघितलं. टाळू म्हणजे तोंडाचं छप्पर. जग मोठं आहे छप्पर. असं कसं?”

“ते वाक्यातलं नाही, बाळा,” बाई म्हणाल्या. “ते मागून कुणीतरी ओरडलंय.”

“कोण?”

“मी.”

पोर पडद्याच्या इतकी जवळ आली, की तिचं नाकच दिसू लागलं. शब्द जुळवायला तिला वेळ लागला. “तू निळी मावशीच्या घरात होतीस?”

“नाही गं. निळी मावशी माझ्या घरात होती.”

जावयाने मान खाली घातली. आजोबा केव्हा उठून बाईंच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते, ते त्यांना कळलं नव्हतं. पाठीवर त्यांचा हात टेकला तेव्हा कळलं.

“ती आता घरी आहे?” खारूताईने विचारलं. धड्यातलं वाक्य बिनचूक जमलं म्हणून ती खूश होती.

बाईंचे डोळे आतल्या खोलीच्या दाराकडे गेले आणि परत आले.

“तू ये,” त्या म्हणाल्या. “आलीस की तिची खोली दाखवते. सगळं सांगते. तोवर तिच्याकडूनच शीक.”

पडद्यावर जावयाने तळहाताने चेहरा पुसला.

“आता ते टाळूला सोड,” बाई म्हणाल्या. “माझं होतं ते. तिचं तेवढं म्हण.”

“जग,” खारूताई म्हणाली.

“पुन्हा म्हण.”

पोरीचा चेहरा पडला. “चुकलं?”

“नाही गं, बरोबर आहे. पुन्हा म्हण.”

खारूताईने मोठा श्वास घेतला. इकडे मिटल्या तोंडात बाईंची जीभ तिच्या आधीच निघाली, आणि दातांशी येऊन थांबली.