एनेलेसीची मयत

आपण मेलो आहोत हे एनेलेसीला बुधवारी दुपारी कळलं, तेही बटाटे सोलताना.

सांगणारी पोरगी चांगली होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तिचं नाव ब्रेना. अमेरिकेतल्या कुठल्याशा चर्चमधून दोन आठवडे सेवा करायला आलेल्या पोरापोरींतली ती एक. सगळ्यांच्या अंगात पिवळे टी-शर्ट. सकाळी प्रार्थना, मग पास्टर माथेवेरेंच्या नव्या अनाथाश्रमाच्या भिंतींना रंग, दुपारी गावातल्या मुलांबरोबर फुटबॉल आणि येशूची गाणी. अर्धा रंग भिंतीला लागायचा, अर्धा एकमेकांच्या गालांना. पण कामात अंगचोरी नव्हती आणि मनात पाप नव्हतं. एनेलेसी त्यांचा स्वयंपाक करायची. मक्याच्या पिठाचा गरम न्सिमा हाताने खाताना बोटं पोळली की पोरं खिदळायची आणि जेवण झालं की आपापली ताटं धुवायची, म्हणून तिला ती आवडायची.

त्या दुपारी ब्रेना चुलीपाशी येऊन उकिडवी बसली आणि तिने फोन पुढे केला. "गेल्या वर्षी आले होते तेव्हाचं आहे. ही माझी लाडकी. शनिवारी आश्रमाची फीत हीच कापणार."

फोनमधल्या व्हिडिओत एका कबरीपाशी तामंदा उभी होती. एनेलेसीची तामंदा, तिची एकुलती एक पोरगी. मागून पास्टरचा आवाज आला, आपल्या भाषेत, "मान खाली घाल. हं, आता बोल." आणि तामंदा इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून बोलली, "माझी आई मेली. मला आता कोणी नाही."

एनेलेसी सहावीपर्यंत शिकली होती. एवढं इंग्रजी तिला पुरेसं होतं. कबर तर ओळखायची गरजच नव्हती. ती तिच्या आईची होती. रीतीप्रमाणे वरचं भोक पाडलेलं पातेलं तिने स्वतःच्या हाताने ठेवलं होतं. गेल्या वर्षी ती चहाच्या मळ्यात पानं खुडायला दूर गेली होती आणि पोरगी मामाकडे होती. परत आली तर तामंदाच्या पायात बूट, अंगात गणवेश, आणि शाळेत नाव घातलेलं. पास्टरने केलं म्हणाली. तेव्हा एनेलेसी त्या माणसापुढे गुडघे टेकून आली होती, अंड्यावरची कोंबडी घेऊन! त्या कोंबडीची आठवण झाली आणि तिच्या कानशिलांतून वाफा निघाल्या.

"आई कशाने मेली?" तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं.

"आजाराने. पास्टरनी शेवटपर्यंत तिची सेवा केली." ब्रेनाचे डोळे भरून आले.

"फार चांगला माणूस," एनेलेसी म्हणाली, आणि तिने पुढचा बटाटा उचलला.

संध्याकाळी ती पास्टरच्या दारात उभी राहिली. पास्टर माथेवेरे घाबरला नाही की लाजला नाही. त्याने तिला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, आणि लहान मुलाला समजवावं तसं समजावलं.

"अगं, मेली म्हटल्याने कोणी मरतं का? आईबाप असलेल्या पोरांसाठी तिकडे कोणी हात सैल सोडत नाही. पोरगी शाळेत जाते ना? शनिवारपासून आश्रमात राहील, मटण खाईल. तू फक्त शनिवारी दिसू नकोस. आणि नंतरही जरा लांब लांबच राहा."

"नंतर म्हणजे कधीपर्यंत?"

"शाळा संपेपर्यंत. आई असून नसल्यासारखं राहायचं, एवढंच. आजपासून तिला मी इथेच ठेवून घेतोय, पाठांतर कच्चं आहे तिचं."

आतल्या खोलीतून आवाज येत होता. माझी आई मेली. मला आता कोणी नाही. मग पास्टरीणबाई म्हणाल्या, "पुन्हा." आणि तामंदाने पुन्हा म्हटलं.

एनेलेसीचा थोरला भाऊ बिझेकी हा त्यांच्या कुळाचा कर्ता. आमच्याकडे मूल आईच्या कुळाचं, आणि त्याच्यावर शब्द चालतो तो मामाचा. सगळं ऐकून तो कुऱ्हाड घेऊनच उठला. "माझ्या कुळातलं माणूस मेलं आणि मला निरोप नाही? चल, आत्ताच्या आत्ता पोरीला घेऊन येऊ."

"नको, दादा."

"नको?"

"पोरगी आज आणली तर उद्या तो दुसरं पोर उभं करेल आणि दुसरी आई मारेल. त्याची गावासमोर आणि त्या गोऱ्या पोरांसमोर अब्रू काढायचीय मला. शनिवारी, त्याच्या सणाच्या दिवशी. त्याने मला मारलंय ना? मग माझी मयत कर."

बिझेकीने कुऱ्हाड खाली ठेवून मांडीवर थाप मारली.

गावात मयत असली की शेतात कुदळ पडत नाही, ढोल वाजत नाही, मेजवानी तर लांबच. आणि जो दुसऱ्याच्या मयतीला येत नाही, त्याच्या घरचं माणूस गेलं तर खड्डा खणायला कोणी जात नाही. पास्टर असो की गव्हर्नर, यातून सुटका नाही. पण जिवंत बाईची मयत करायची तर मुखियाबाईंची परवानगी हवी होती. म्हातारीने नाकात तपकीर कोंबली आणि ठाम नकार दिला. म्हणाली, "अपशकुन आहे हा."

"अपशकुन पास्टरने केलाय, मुखियाबाई," एनेलेसी म्हणाली. "मरण जाहीर झालंय आणि रडलं कोणीच नाही. मी काय अशी अधांतरीच लोंबकळू? तुमच्या कोणाला असं सोडलं असतं का तुम्ही?"

म्हातारी दोनदा शिंकली. "बरं. रडून टाकू एकदाचं. पण रीतीप्रमाणे पीठ सगळ्यांनी आणायचं. मयत म्हणजे मयत."

कबर खणणाऱ्यांचा म्होरक्या जालासी. या लोकांना मयतीत वाटेल ती थट्टा करायची मुभा असते, आणि जालासी ती पुरेपूर वापरायचा. तो दोरी घेऊन माप घ्यायलाच आला. "वहिनी, उताण्या पडा. रुंदी जास्त धरतो हं, गोऱ्यांकडचं उरलंसुरलं अंगी लागलंय तुमच्या."

"खोल खण," एनेलेसी म्हणाली. "बाकी तुला काय बोलायचं ते बोल."

दोन दिवस तिने गोऱ्या पोरांचं जेवण नेहमीसारखं रांधलं. उसळीला मीठसुद्धा चुकलं नाही. रात्रीचा डोळा मात्र लागत नव्हता. पास्टरचं तोंड कसं होईल याची चित्रं बघण्यात तिला इतकी गोडी वाटायची की झोपेची आठवणच राहायची नाही. तामंदा त्या घरात रोज तेच वाक्य घोकत होती, हे तिला ठाऊक होतं. दोनच दिवस, ती स्वतःला सांगायची. शनिवारी पोरगी सकाळीच आश्रमात असेल. सगळं आटोपलं की दादा तिला घेऊन येईल.

शनिवारी उजाडताच एनेलेसीच्या घरासमोर रस्त्यावर मयतीची खूण म्हणून हिरव्या फांद्या आडव्या पडल्या. पुरुष अंगणात बसले, बायका डोक्यावर पिठाच्या पाट्या घेऊन आल्या आणि घरात दाटीवाटीने जमिनीवर बसल्या. मधल्या चटईवर एनेलेसीला आडवं केलं आणि डोक्यापासून पायापर्यंत बायका कमरेला गुंडाळतात ती चितेंजेची रंगीत कापडं घातली. बायकांनी मयतीचं गाणं धरलं, पण मधूनच कोणीतरी फिस्सकन हसायचं आणि कापडाचा बोळा तोंडात घालायचं. कापडाखाली एनेलेसीही हसत होती.

मग मिनीबस आली. लांबूनच पोरांची गाणी ऐकू येत होती, टाळ्या वाजत होत्या. फांद्यांपाशी गाडी थांबली. ड्रायव्हर इथलाच, त्याने आपणहून इंजिन बंद करून टोपी काढली. चिखलाने माखलेला जालासी कुदळ घेऊन पुढे झाला.

"गाणी बंद. गावात मयत आहे. उतरा सगळे."

"फांद्या काढ, जालासी," पास्टरचा आवाज. "आज उद्घाटन आहे. कोण गेलं?"

"तुम्हाला ठाऊक नाही? एनेलेसी गेली."

एनेलेसीने कापडाखाली कान टवकारले. याच क्षणासाठी ती थांबली होती. आता तो काय बोलणार, कसा चाचरणार, हे तिला शब्दन् शब्द ऐकायचं होतं.

ऐकू आली ती किंकाळी. तामंदाची.

पोरगी आश्रमात नव्हती. ती गाडीतच होती, पांढऱ्या फ्रॉकमध्ये, ब्रेनाच्या मांडीवर. एनेलेसी कापडांतून हात सोडवते न सोडवते तोच पोरगी बायकांना तुडवत आत आली आणि तिच्या अंगावर कोसळली. "मी बोलले! मी रोज बोलले! मी बोलले म्हणून मेली!"

एकही बाई हसली नाही. एनेलेसीने कापडं फेकून तोंड उघडं केलं. "तामंदा, बाळा, बघ. जिवंत आहे मी." पोरगी मागे सरकली, भिंतीला जाऊन भिडली, आणि आईकडे भुतासारखी बघत राहिली. किती वेळ ती जवळ यायला तयारच नव्हती. शेवटी आईने तिचा हात ओढून आपल्या गालावर ठेवला तेव्हा तिने दोन्ही हातांनी आईच्या कमरेचं कापड गच्च धरलं.

एनेलेसीला स्वतःची चीड आली. बुधवारीच आणायला हवी होती पोरीला. भाऊ तर निघालाच होता. पण त्या चिडीनेही पास्टरवरचा राग तसूभर उतरला नाही, उलट दुप्पट झाला. पोरीला कडेवर घेऊन ती अंगणात आली.

पिवळ्या टी-शर्टांतली पोरं मातीत बसली होती, भांबावलेली. ब्रेना उठून उभी राहिली. स्वयंपाकीणबाईच्या गळ्यात तामंदाचे हात, तामंदाचं तोंड तिच्या मानेत. "ही कोण?" तिने पोरीला विचारलं. याचं उत्तर पास्टरने पाठ करून घेतलेलं नव्हतं. तामंदा आपल्याच भाषेत म्हणाली, "आई." ड्रायव्हर सांगायला पुढे झाला, पण ब्रेनाने हाताने त्याला थांबवलं.

बिझेकी उभा राहिला. अगदी शांत आवाजात, कुळाच्या कर्त्याने बोलावं तसा बोलला. "मयतीत मरणाची हकीकत सांगायची रीत आहे. आजार कोणता, अंथरुणाला कधी खिळली, शेवटचं पाणी कोणी पाजलं. आम्हा घरच्यांना काहीच माहीत नाही. पास्टरसाहेबांना सगळं माहीत आहे. उठा, पास्टरसाहेब, सांगा."

"हा देवाचा अपमान आहे," पास्टर म्हणाला.

"आजार सांगा!" मागून कोणीतरी ओरडलं.

"घरच्यांच्या आधी मरण कळतं कसं हो तुम्हाला?" जालासी म्हणाला. या वेळी त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती, आणि पुरुषांत कुजबुज सुरू झाली. मुखियाबाईंनी हात वर करून ती थांबवली.

"उठ, माथेवेरे," म्हातारी म्हणाली. "नाहीतर तुझ्या घरच्या मयतीला या गावातली एक पाटी पीठ येणार नाही."

पास्टर उठला. त्याच्या कॉलरला घामाची ओल होती. "ती मेली नव्हती," तो पुटपुटला. "मी खोटं सांगितलं."

"त्यांच्या भाषेत," एनेलेसी म्हणाली. "मोठ्याने."

त्याने इंग्रजीत सांगितलं. ब्रेना ऐकता ऐकता मटकन खाली बसली. मग तशीच गुडघ्यांवर सरकत एनेलेसीपाशी आली, माफ करा माफ करा म्हणत रडू लागली.

"तू रडू नकोस," एनेलेसी म्हणाली. "आज रडायचा मान माझ्या लोकांचा आहे. तुझ्या गावी जा आणि मी मेले म्हणून ज्याला ज्याला सांगितलंस, त्याला त्याला जाऊन सांग. एकालाही वगळू नकोस." ड्रायव्हरने ते जसंच्या तसं सांगितलं, आणि ब्रेनाने डोळे पुसून मान हलवली.

"आता तिच्या शाळेचा खर्च कोण करणार?" पास्टरने तरीही फणा काढलाच.

"मामा," बिझेकी म्हणाला. "का त्यालाही मारलंय तुम्ही?"

एवढ्यात जालासीने आठवण करून दिली. कबर खणून तयार होती, आणि उघडी कबर रिकामी बुजवत नाहीत. मिनीबसच्या टपावर आश्रमाचा बॅनर गुंडाळून बांधला होता, त्यावर मान खाली घातलेली तामंदा. एनेलेसीने तो सोडवून घेतला. सगळं गाव गाणं म्हणत कबरस्तानात गेलं, मागून पिवळी पोरं. बॅनर खड्ड्यात उतरवला, आणि जालासीने आपलं फावडं पास्टरच्या हातात दिलं.

इस्त्रीच्या पँटमध्ये पास्टर माती ओढू लागला. एनेलेसी त्याच्यासमोर उभी राहून त्याचं पडलेलं तोंड बघत होती. दोन दिवस हेच चित्र तिने मनात घोळवलं होतं. ते तितकंच गोड लागलं, खोटं कशाला बोला. फक्त कानातली ती किंकाळी काही जात नव्हती.

"आत कोण आहे?" तामंदाने हळूच विचारलं. आईच्या कमरेचं कापड तिने अजून सोडलं नव्हतं.

"तुझी ती मेलेली आई."

पोरीने खड्ड्यात वाकून बघितलं. मग एक हात सोडवला, मूठभर लाल माती उचलली आणि आत टाकली. पुन्हा एक मूठ. मग ती दोन्ही हातांनी माती लोटू लागली, भराभर, पास्टरच्या फावड्याच्याही पुढे, पांढरा फ्रॉक लाल होईपर्यंत. तिला कोणी थांबवलं नाही.