ओला धागा

मातनियाजने संगणकाची इंटरनेटची तार आधी उपटली, गुंडाळून खिशात घातली, आणि मगच तो फुकटात मिळालेला प्रोग्राम उघडला.

“तार खिशात कशाला?” ओयजमालने दारातून विचारलं. तिच्या हातात चहाची किटली होती.

“चोर आत शिरलाच, तर माल घेऊन बाहेर पडायला त्याला वाट नको.”

“या शेडमध्ये चोरण्यासारखं आहे काय? तुम्ही?”

बत्तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलेला माणूस बायकोच्या टोमण्यांना काय उत्तरं देणार! त्याने चष्मा पुसला आणि पडद्यावरचं पहिलं पान वाचलं. वरती लिहिलं होतं, ‘रचणारा: गुजूम’. त्याखाली ‘उस्ताद:’ आणि पुढे नुसती रेघ. त्याखाली एक रिकामी चौकट होती, ‘तुमचा उस्ताद कोण?’

“बघ, स्वतःच्या उस्तादाचं नाव सांगत नाही आणि माझ्या उस्तादाची चौकशी करतोय. पाणी मुरतंय कुठेतरी.” त्याने चौकट रिकामीच सोडली आणि पुढे गेला.

प्रश्न पाळण्याचा होता. उरगेंचला दिलेल्या त्यांच्या मुलीला, इंतिजारला, मुलगा होऊन आज चौदा दिवस झाले होते. चाळिसाव्या दिवसाच्या आत पाळणा आईच्या माहेरहून जायचा. इतर लोक बाजारातून रंगवलेला पाळणा उचलतात आणि मोकळे होतात. पण लग्नाच्या दिवशी भरल्या पंगतीत मातनियाज बोलून बसला होता की पाळणा या घरात घडेल आणि त्याच्या खांबांवर रोझमात उस्तादांचा वेल असेल. आता विहीणबाई दोनदा फोन करून, अगदी साखरेच्या आवाजात, विचारून गेल्या होत्या. “घाई नाही हं, मातनियाज आगा. नाहीतर आम्ही बाजारातून आणतोच आहोत.” त्या ‘आणतोच आहोत’नं त्याची झोप उडाली होती.

रोझमात उस्ताद म्हणजे त्याचे वडील. खिव्यातल्या कितीतरी ओसऱ्यांचे खांब त्यांच्या हातचे. मुलाच्या हातात मात्र छिन्नी दिली की लाकडाआधी बोट कापलं जायचं. म्हणून तो शाळेत शिकवायला गेला, आणि निवृत्त झाल्यावर जुन्या मोटारी, पट्टे, लोखंडी कांबी जमवून त्याने कोरणारं यंत्र बांधलं. सपाट फळीवर ते झकास चालायचं. यंदा त्याने लाकूड स्वतःभोवती फिरवणारा चौथा अक्षही बसवला. पण त्या अक्षाला हुकूम कोण देणार? परदेशी प्रोग्राम घ्यावा, तर तीन महिन्यांचं पेन्शन जाणार, तेही फक्त एका वर्षापुरतं. फुकटचे होते ते सपाट कामापलीकडे जायला तयार नव्हते. बाजारातून आणलेल्या एका चोरट्या तबकडीने तर संगणकातले नातेवाइकांच्या लग्नाचे सगळे फोटो खाल्ले. शेवटी फोनवरच्या हौशी लोकांच्या गटात या गुजूमने आपणहून लिहिलं, ‘मी केलेला आहे. गोल कामासाठी. घ्या.’

पैसे? नको. मग काय हवं? काही नको. ‘झालं की फोटो टाका, एवढंच.’

“फोटो! समजलं का?” मातनियाज म्हणाला. “नक्षीवर डोळा आहे. आणि स्वतःला गुजूम म्हणवतोय, झाडाचं आपल्याकडचं नाव, म्हणजे आपल्याच भागातला. बाकीचे त्या झाडाला करागाच म्हणतात. आपल्यातलाच कोणीतरी टपून बसलाय.”

“अहो, बिचारा मदत करतोय.”

“या घरात एकदा चोरी झालीय, विसरलीस? परक्याला जवळ केलं की असंच होतं.”

ओयजमालने चहाचा पेला जरा जोरातच ठेवला. “त्या पोराकडे काही सापडलं नव्हतं.” मग तिची नजर टेबलावरच्या कागदांकडे गेली. जुने, पिवळे, सुईने टोचलेले नक्षीचे कागद. त्यांवरून कोळशाची पूड फिरवली की लाकडावर वेल उमटायचा. “आणि कागद चोरीला गेले होते, तर हे कुठले?”

“नकला आहेत.” त्याने कागद पटकन पेटीत टाकून झाकण लावलं. “चहा आण अजून.”

“किटली भरलेलीच आहे,” असं म्हणून ती गेली.

खरी नक्षी प्रोग्रामला दाखवायची नाही, हे त्याने ठरवूनच ठेवलं होतं. चाचणीसाठी त्याने मुद्दाम एक बदकांची रांग काढली. पॉपलरच्या लाकडाचा ठोकळा यंत्रात अडकवला, कॅलिपरने व्यास मोजला, आकडा भरला आणि बटण दाबलं. भुसा उडाला. लाकूड एकदा फिरलं, दुसऱ्यांदा फिरलं, तिसऱ्यांदाही फिरलं. यंत्र थांबल्यावर बघतो तर काय, बदकावर बदक, त्यावर आणखी एक बदक! चोच कोणाची आणि शेपूट कोणाचं, काही पत्ता नाही.

मातनियाजचं डोकं सटकलं. भर गटात, सगळ्यांसमोर त्याने फोनवर लिहिलं, ‘सावध राहा. हा प्रोग्राम लाकूड तीनदा फिरवून त्याचा सत्यानाश करतो. फुकट देणाऱ्याचा हेतू शुद्ध नाही. ज्याला स्वतःचा उस्ताद सांगता येत नाही, त्याच्यावर विश्वास कसला ठेवायचा?’

वाचून त्याला फार बरं वाटलं. गटातल्या दोघाचौघांनी दुजोराही दिला. बदकांचा ठोकळा त्याने पुरावा म्हणून फळीवर ठेवला.

अर्ध्या तासाने गुजूमचं उत्तर आलं. रागाचा एक शब्द नव्हता.

‘आगा, मापाच्या चौकटीत व्यास नाही, घेर मागितला आहे. कॅलिपर बाजूला ठेवा. सुती धागा घ्या, आधी ओला करा म्हणजे लाकडाला चिकटून बसेल, सरकणार नाही. एक वेढा द्या आणि तेवढं माप भरा. धाग्याची टोकं जिथे भेटतात ती बाजू भिंतीकडे ठेवा. सांधा भिंतीने बघायचा, माणसाने नाही.’

मातनियाजने ते एकदा वाचलं आणि खाली बसला.

आयुष्यभर तो पोरांना ओरडत आला होता, आधी प्रश्न नीट वाचा. आणि स्वतः? पण तो खाली बसला ते त्यामुळे नाही. घेर धाग्याने खिव्यातले सगळेच मोजायचे. धागा ओला करायचे ते फक्त रोझमात उस्ताद. बाकीचे त्यांना हसायचे. आणि सांध्याचं ते वाक्य वडील वेढा देताना पुटपुटायचे, शब्दन् शब्द तसंच. ते ठाऊक असलेली माणसं तीन. वडील गेले. एक मातनियाज स्वतः. आणि तिसरा सापर.

सापर, वडिलांचा शागीर्द, तेव्हा चौदा वर्षांचा होता. त्याचा हात असा चालायचा की वडील शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचे. घरच्या पोराकडे कोणाला बोलावून दाखवण्यासारखं काही नव्हतं. मग एका संध्याकाळी कागद दिसेनात, आणि सत्तावीस वर्षांचा मातनियाज बोलून गेला, “सापरला काखेत गुंडाळी घेऊन जाताना पाहिलं मी.” गुंडाळी पाहिली होती, हे खरं. तिच्यात काय होतं ते पाहिलं नव्हतं. वडिलांनी त्या पोराला दुआ न देता घालवून दिलं. उस्तादाने हात उचलून दुआ दिली नाही, तर त्या पोराला खिव्यात खांब कोण कोरायला देणार? तो गाव सोडून गेला. अल्माटीत कुठल्याशा फर्निचरच्या कारखान्यात यंत्रावर असतो, एवढं कधीतरी कानावर आलं होतं.

वडील वारल्यावर मातनियाजने त्यांचा हिवाळी कोट उसवला, तेव्हा अस्तरातून कागद निघाले. सगळेच्या सगळे. वडील स्वतःच ठेवून विसरले असणार. ते त्याने पेटीत ठेवले आणि कोणाला सांगितलं नाही, ओयजमाललाही नाही. आता एवढ्या वर्षांनी काय सांगायचं, असं म्हणत त्याने दिवस काढले होते.

त्याने पेटी उघडली. एकेक कागद यंत्राच्या पाटावर पसरला, फोनने त्याचा फोटो काढला आणि अकराच्या अकरा फोटो गुजूमला पाठवले. गटात नाही, त्याला एकट्याला. खाली लिहिलं, ‘मी रोझमात उस्तादांचा मुलगा. तू सापर ना?’

तिकडून कोणी लिहायला लागलं, थांबलं, पुन्हा लिहायला लागलं. शेवटी एवढंच आलं, ‘आगा, कागद कुठे सापडले?’

मातनियाजने लिहिलं, ‘परवाच’. त्या शब्दाकडे बघत राहिला. मग तो खोडून लिहिलं, ‘बाबांच्याच कोटाच्या अस्तरात. बारा वर्षं झाली. मी गप्प बसलो. तुझ्यावर आळ मी घेतला होता, बाबांनी नाही. दुआ त्यांच्या ओठांवर होती, ती मी अडवली. आज त्यांच्या वतीने मी हात उचलतोय. मला तो हक्क आहे की नाही, ते तू ठरव. आणि ती रेघ पूस, सापर.’

फोन पाटावर ठेवून त्याने खरंच दोन्ही तळवे उचलले आणि चेहऱ्यावरून फिरवले. मग गटात जाऊन सगळ्यांसमोर लिहिलं, ‘प्रोग्राम उत्तम आहे. चूक माझी होती. मी प्रश्न न वाचता उत्तर लिहिलं.’

सापरकडून काहीच आलं नाही. दुपारचा चहा झाला, संध्याकाळची नमाज झाली. मातनियाज दर पाच मिनिटांनी फोन उलटा करून बघत होता. येईल असं त्याला वाटत नव्हतं, आणि न येण्याबद्दल तक्रार करायला तोंडही नव्हतं.

दिवे लागताना फोन वाजला. शब्द एकही नव्हता, नुसता प्रोग्राम, नवा केलेला.

मातनियाजने खिशातून तार काढून संगणकाला जोडली, प्रोग्राम उतरवून घेतला आणि उघडला. पहिल्या पानावर आता त्याचं पूर्ण नाव होतं, ‘रचणारा: सापरबाय’. त्याखाली, ‘उस्ताद: रोझमात’. आणि त्याखाली तीच रिकामी चौकट, ‘तुमचा उस्ताद कोण?’

त्याने एका बोटाने, अक्षरं शोधत शोधत, ती चौकट भरली. मग पेटीतून वेलाचा पहिला कागद काढला आणि तुतीचं चांगलं लाकूड यंत्रात अडकवलं.

“ओयजमाल!” त्याने हाक मारली. “वाटीत थोडं पाणी आण. आणि सुती धागा.”

“पाणी कशाला?” ती वाटी घेऊन आली. “कॅलिपर मोडला का?”

“धागा ओला करून घ्यायचाय. उस्तादांनी सांगितलंय.”

“बाबांना जाऊन बारा वर्षं झाली,” ती म्हणाली. “आज कुठल्या उस्तादांनी सांगितलं?”

मातनियाजने धागा वाटीत बुडवला आणि तिला चौकटीतलं सापरचं नाव दिसावं म्हणून खुर्ची जरा बाजूला घेतली.